रक्ताची गुठळी आणि दोन औषधें

मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उतरल्यावर मी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि आपल्या या जिल्ह्यांतल्या खेड्यांतून अडतीस वर्षें मुलांना शुद्धलेखन व अंकगणित शिकवून निवृत्त झालों. माझ्या सेवाकाळीं हा अहमदनगर जिल्हा होता. २०२४ सालापासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. तेव्हां औषधांविषयीं बोलण्याचा अधिकार या गृहस्थाला कोणीं दिला, अशी शंका आपल्या मनांत येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर देतांना मला लाज वाटते. माझ्या हातून, अगदीं सद्हेतूनें, माझ्या घरांत एक चूक घडली. त्या चुकीनें मला उतारवयांत पुन्हां विद्यार्थी केलें. जें शिकलों तें चार घरांच्या उपयोगीं पडावें, एवढ्याचसाठीं आज मी नभोवाणीवर बोलावयास आलों आहें.

विषय असा आहे: रक्त गोठूं न देणारें औषध एखादा रोगी घेत असतांना त्याला जोडीनें ॲस्पिरिनही द्यावी काय? दिल्यास लाभ किती आणि हानि किती? हीं दोन्ही औषधें आज पुष्कळ घरांत उशाशीं असतात. म्हणूनच त्यांच्याविषयीं आपल्याला सर्व कांहीं समजलेंच आहे, असा आपला भ्रम होतो.

प्रथम माझी चूक सांगतों. माझ्या पत्नीला लहानपणीं घसा दुखून सांधे सुजले व ताप आला. सांधे बरे झाले. परंतु त्या तापानें हृदयाची एक झडप हळूहळू निकामी करून ठेवली. बारा वर्षांपूर्वीं पुण्यास शस्त्रक्रिया होऊन तेथें कृत्रिम झडप बसविण्यांत आली. अशा झडपा आतां आपल्या देशांतही तयार होतात. तिरुवनंतपुरम् येथील श्रीचित्रा तिरुनाल संस्थेनें घडविलेली झडप १९९० सालच्या डिसेंबरांत प्रथम एका रोग्याच्या हृदयांत बसविली गेली. झडप कोठलीही असो, ती यांत्रिक असली म्हणजे रक्ताच्या दृष्टीनें ती परकी वस्तु होय. तिच्यावर रक्ताची गुठळी जमूं पाहते. ती झडपेलाच अडवून धरते, किंवा सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. म्हणून अशा रोग्याला गुठळी होऊं न देणारें औषध जन्मभर घ्यावें लागतें. आमच्या घरीं असेनोकुमॅरॉल नांवाची गोळी रोज ठराविक वेळीं घेतली जाते आणि महिन्यांतून एकदां रक्त तपासून आयएनआर नांवाचा आंकडा पाहतात. हें औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आंकडा एकच्या आसपास असतो. तिचा आंकडा अडीच ते साडेतीन यांच्या दरम्यान असावा, असें डॉक्टरांनीं ठरवून दिलें होतें.

मला स्वतःला कांहीं वर्षांपूर्वीं हृदयविकाराचा झटका येऊन गेला. तेव्हांपासून मी पंचाहत्तर मिलिग्रॅमची ॲस्पिरिनची लहानशी गोळी रोज जेवणानंतर घेतों. तीन वर्षांपूर्वींच्या हिवाळ्यांत माझ्या मनानें असा हिशेब मांडला: दुखणें दोघांचेंही हृदयाचें, माझी गोळी हृदयाचें रक्षण करते, मग तिनें काय पाप केलें आहे? झालें. माझ्याच पाकिटांतली एक गोळी मी तिला रात्रीं देऊं लागलों. तिनें विचारलें, "अहो, डॉक्टरांना विचारलें का?" मीं म्हटलें, "अगं, एवढीशी तर गोळी! डोकें दुखलें तर लोक हिच्याहून मोठी घेतात."

तीन आठवडे गेले. तिच्या हातावर बांगड्यांच्या जागीं काळेनिळे डाग दिसूं लागले. दांत घांसतांना हिरड्यांतून रक्त येऊं लागलें. शौचास काळें होतें असें ती म्हणाली, तेव्हां मीं सर्वज्ञपणें उत्तर दिलें कीं लोहाच्या गोळ्यांनीं तसें होतेंच. लोहाच्या गोळ्यांनीं शौचाचा रंग काळा होतो हें खरें आहे. परंतु डांबरासारखें चिकट, चकचकीत आणि दुर्गंधीयुक्त काळें शौच म्हणजे पोटांत झिरपून पचलेलें रक्त होय, हा भेद मला ठाऊक नव्हता. एके दिवशीं सकाळीं तुळशीला पाणी घालतां घालतां ती भोंवळ येऊन खालीं बसली.

रुग्णालयांत रक्त तपासलें. हिमोग्लोबिन सहावर आलें होतें. डॉक्टरांनीं मला विचारलें, "या आणखी कोणतें औषध घेतात?" मीं ठामपणें सांगितलें, "दुसरें कांहीं नाहीं." तेव्हां खाटेवरून क्षीण आवाजांत ती म्हणाली, "अहो, तुमची ती छोटी गोळी सांगा कीं." श्रोतेहो, अडतीस वर्षें मीं मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्या, त्या क्षणीं माझ्या चुकीवर मारलेली रेघ मला अद्यापि दिसते.

दुर्बिणीनें पाहतां जठरांत व्रण सांपडला. चार बाटल्या रक्त द्यावें लागलें. आणि खरी पंचाईत पुढेंच होती. रक्तस्राव थांबविण्यासाठीं गुठळी होऊं न देणारें औषध बंद करावें, तर यांत्रिक झडपेवर गुठळी जमण्याची भीति; चालूं ठेवावें, तर व्रण वाहात राहणार. इकडे आड आणि तिकडे विहीर! डॉक्टरांनीं पांच दिवस मोठ्या जागरूकतेनें तो तोल सांभाळला व ती वांचली. परंतु मला सर्वांत आश्चर्य वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. त्या दिवशीं तिचा आयएनआर २.९ निघाला, म्हणजे ठरवून दिलेल्या मर्यादेंत, अगदीं मधोमध! आंकडा बरोबर आणि रोगी मृत्यूच्या दारीं, हें गणित कसें?

तें गणित समजण्यासाठीं आधीं एक शब्द दुरुस्त केला पाहिजे. या औषधांना आपण "रक्त पातळ करणारीं औषधें" म्हणतों. दुधांत पाणी घातल्यावर दूध पातळ होतें, तसें कांहींही येथें होत नाहीं. रक्त होतें तितकेंच दाट राहतें. केवळ त्याची गोठण्याची शक्ति कमी होते. नांवांतल्या या ढिलाईमुळेंच माझ्यासारख्याला वाटतें कीं, दोन्ही औषधें रक्त पातळच करतात, तेव्हां दुसरें घेतलें तर थोडें अधिक पातळ होईल इतकेंच. वस्तुतः दोहोंचें काम निरनिराळ्या ठिकाणीं चालतें.

आपल्या भागांतलाच दृष्टांत घ्या. १९२६ सालीं पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचें पाणी प्रवरेच्या कालव्यांतून संगमनेर-श्रीरामपूरकडे येतें. कालव्याच्या भरावाला भगदाड पडलें तर गांवकरी काय करतात? प्रथम दगडगोटे टाकून पाण्याचा जोर मोडतात; नंतर त्यांच्या सांदींतून काट्याकुट्यांचें जाळें व चिकणमाती भरून तें पक्कें करतात. रक्तवाहिनीला भोंक पडलें कीं शरीरही असेंच वागतें. रक्तांत प्लेटलेट नांवाचे सूक्ष्म कण असतात; त्यांना मराठींत रक्तबिंबिका म्हणतात. प्रथम त्या धांवून येऊन एकमेकींस चिकटतात. हे झाले दगडगोटे. मागाहून रक्तांतल्या प्रथिनांची एक सांखळी जागी होऊन तंतूंचें जाळें विणते. ही झाली काटेरी जाळी आणि चिकणमाती.

ॲस्पिरिन दगडगोट्यांना एकत्र येऊं देत नाहीं. ती रक्तबिंबिकेचा चिकटण्याचा गुण मारते, आणि तो त्या बिंबिकेच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, परत येत नाहीं. म्हणून गोळी आज थांबविली तरी तिचा प्रभाव उद्यां संपत नाहीं. असेनोकुमॅरॉल व वॉरफॅरिन हीं औषधें जाळ्याचें सामानच तयार होऊं देत नाहींत. त्या जाळ्यासाठीं लागणारीं जीं कांहीं प्रथिनें यकृत तयार करतें, त्यांना 'के' जीवनसत्त्व लागतें, आणि हीं औषधें त्या जीवनसत्त्वाचा पुनर्वापर अडवितात. रिव्हारोक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन हीं नवीं औषधें त्याच सांखळीचा एकेक दुवा थेट पकडतात. यांपैकीं एकच औषध चालूं असेल तर भगदाड उशिरां कां होईना, पण बुजतें. दगड नसले तर माती असते, माती नसली तर दगड असतात. दोन्ही औषधें एकदम दिलीं तर दगडही नाहींत आणि मातीही नाहीं.

आतां माझ्या पत्नीच्या आंकड्याचें कोडें सुटतें. आयएनआर ही मातीची परीक्षा आहे, दगडांची नव्हे. ॲस्पिरिननें काय केलें हें त्या आंकड्यांत दिसत नाहीं. शिवाय ॲस्पिरिनचा आणखी एक अवगुण आहे. जठराच्या अस्तराचें अम्लापासून रक्षण करणारीं जीं द्रव्यें शरीर तयार करतें, तीं ती कमी करते. म्हणजे पोटांत जखम होण्यास ती मदत करते, आणि मग दोन्ही औषधें मिळून ती जखम बंद होऊं देत नाहींत.

या दोन्ही औषधांचा पूर्वेतिहास पाहिला तर एक मौजेची गोष्ट दिसते. दोघांचा गुण जगाला प्रथम त्यांच्या दोषावरून कळला. सुमारें शंभर वर्षांपूर्वीं कॅनडा व अमेरिका या देशांत गाईगुरें अकस्मात् रक्तस्रावानें मरूं लागलीं. शिंगें कापलीं तरी रक्त थांबेना. आपल्या मेथीच्या व लसूणघासाच्या कुळांतलें एक गोड गवत तेथें चारा म्हणून साठवीत. तें ओलसर राहून बुरसलें म्हणजे गुरांना हा विकार होतो, असें फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यानें शोधून काढलें. १९३३ च्या हिवाळ्यांत विस्कॉन्सिन प्रांतांतला एक शेतकरी मेलेली कालवड, बुरसलेला चारा आणि न गोठलेल्या रक्ताचें भांडें घेऊन हिमवादळांतून कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारीं आला. कांहीं वर्षांच्या खटपटीनंतर लिंक यांच्या प्रयोगशाळेनें त्या चाऱ्यांतलें घातक द्रव्य वेगळें केलें. त्याच घराण्यांतलें वॉरफॅरिन १९४८ मध्यें प्रथम बाजारांत आलें तें उंदीर मारण्यासाठीं! १९५४ पासून तें मनुष्याचें औषध झालें. मुरघासाचे खड्डे भरणाऱ्या आपल्या जिल्ह्यांतल्या दूधउत्पादकांना ही हकीगत सहज पटेल.

ॲस्पिरिन १८९९ मध्यें बाजारांत आली ती ताप व वेदना यांवरचें औषध म्हणून. कॅलिफोर्नियांतल्या लॉरेन्स क्रेव्हन नांवाच्या डॉक्टरांना असें दिसलें कीं, टॉन्सिल काढल्यावर वेदना शमविण्यासाठीं ॲस्पिरिन घातलेला चघळण्याचा डिंक जीं मुलें भरपूर खातात, त्यांना रक्तस्राव अधिक होतो. त्यावरून त्यांनीं तर्क केला कीं, हीच गोळी हृदयांतली गुठळीही टाळील. १९७१ मध्यें जॉन व्हेन यांनीं तिच्या कार्याचें रहस्य उलगडलें व १९८२ मध्यें त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. तात्पर्य काय? या औषधांत लाभ आणि रक्तस्राव हीं दोन वेगळीं फळें नाहींत. एकाच गुणाला आपण सोयीच्या वेळीं लाभ म्हणतों व गैरसोयीच्या वेळीं धोका म्हणतों.

मग दोन्ही औषधें एकत्र देणारे डॉक्टर चुकतात काय? मुळींच नाहीं. येथें पुन्हां कालव्याकडे वळूं. वेगानें वाहणाऱ्या पाण्यांत अडथळा होतो तो दगड-ओंडके अडकून. संथ डबक्यांत सांचतो तो गाळ. रक्ताच्या गुठळ्याही अशाच दोन प्रकारच्या असतात. हृदयाच्या धमन्यांत रक्त जोरानें वाहतें. तेथें खरबरीत जागीं मुख्यतः बिंबिका अडकतात. म्हणून झटका आलेल्या किंवा धमनींत जाळीची नळी बसविलेल्या रोग्याला ॲस्पिरिन उपयोगी पडते. उलट, हृदयाचा कप्पा अनियमित थरथरूं लागला, किंवा पायाच्या शिरांत रक्त साकळलें, म्हणजे तेथें मुख्यतः तंतूंचें जाळें जमतें. तेथें दुसऱ्या प्रकारचें औषध हवें. ज्या रोग्याला दोन्ही व्यथा एकदम आहेत, त्याला कांहीं काळ दोन्ही औषधें लागूं शकतात.

त्याचे पुरावेही आहेत. १९९३ मध्यें कॅनडांतल्या डॉक्टरांनीं कृत्रिम झडप बसविलेल्या ३७० रोग्यांवर एक परीक्षा प्रसिद्ध केली. सर्वांना वॉरफॅरिन होतेंच. अर्ध्यांना जोडीस शंभर मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली व अर्ध्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. मोठी गुठळी उसळणें किंवा रक्तवाहिन्यांच्या विकारानें मृत्यु येणें, हें नुसत्या वॉरफॅरिनवर वर्षाला शेंकडा ८.५ होतें, तें जोड-औषधावर १.९ झालें. रक्तस्राव मात्र वाढले.

हें वाचून माझ्या अहंकारानें पुन्हां डोकें वर काढलें. मीं तो कागद घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलों व म्हणालों, "पाहा, म्हणजे माझें अगदींच चुकलें नव्हतें!" ते हंसून म्हणाले, "गुरुजी, त्या परीक्षेंत प्रत्येक रोगी आधीं तपासून घेतलेला होता. तुमच्या घरीं वय साठीच्या पुढें, अंगांत रक्त कमी, आणि छातींत जळजळ कित्येक वर्षांची. त्यांना ॲस्पिरिन द्यावी कीं न द्यावी, द्यावयाची तर पोटाच्या रक्षणाचें औषध जोडावें कीं नाहीं, आंकडा कोठें ठेवावा, हा विचार कोणीं केला? उत्तर कदाचित् बरोबर आलें असतें; पण रीत कोठें आहे?" श्रोतेहो, रीत न लिहितां उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मीं कधीं गुण दिले नव्हते. मीं कागदाची घडी केली व खिशांत घातली.

दुसरा पुरावा २०१७ सालचा. मूळचे केरळांतले आणि कॅनडांत काम करणारे डॉ. सलीम यूसुफ यांच्या पुढारपणाखालीं सत्तावीस हजारांहून अधिक रोग्यांवर ही परीक्षा झाली. या रोग्यांच्या धमन्यांना जुनाट विकार होता. नुसत्या ॲस्पिरिनऐवजीं तिच्या जोडीला रिव्हारोक्सॅबॅनची अगदीं लहान मात्रा दिली, तेव्हां हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्संबंधीं मृत्यु यांचें प्रमाण शेंकडा ५.४ वरून ४.१ वर आलें. मोठा रक्तस्राव शेंकडा १.९ वरून ३.१ वर गेला. मुलांना शिकवावें तसें हजारांत मांडूं: एक हजार रोग्यांत तेरा जण संकटांतून वांचले आणि बारा जणांना अधिकचा मोठा रक्तस्राव झाला. झटका आणि पोटांतला रक्तस्राव यांचें वजन सारखें नसतें, हें खरें. परंतु हा सौदा फुकटचा नाहीं, एवढें कोणालाही दिसेल.

आतां दुसरी बाजू. ज्यांचें हृदय अनियमित थरथरतें आणि ज्यांना नुकताच झटका आला आहे किंवा नळी बसविली आहे, अशा साडेचार हजारांहून अधिक रोग्यांचा अभ्यास २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांना गुठळीविरोधी औषध व क्लोपिडोग्रेलच्या जातीचें एक औषध होतेंच. त्यांत ॲस्पिरिनची भर घातली तेव्हां सहा महिन्यांतला लक्षणीय रक्तस्राव शेंकडा ९ वरून १६ वर गेला. त्याच वर्षीं जपानांतल्या परीक्षेंत, धमनीचा विकार स्थिर झालेल्या रोग्यांना दोन औषधांपेक्षां एकट्या रिव्हारोक्सॅबॅनवर ठेवणें बरें ठरलें. जोड-औषधाच्या गटांत मृत्यु अधिक होऊं लागल्यामुळें ती परीक्षा मुदतीपूर्वींच थांबवावी लागली. २०२५ मध्यें फ्रान्समधून ८७२ रोग्यांची हकीगत आली. हे सर्व जुनी नळी असलेले, पुन्हां झटका येण्याचा धोका मोठा असलेले, म्हणजे ॲस्पिरिनचा लाभ ज्यांना नक्की व्हावा असें वाटे असे. तेथेंही गुठळीविरोधी औषधाला ॲस्पिरिन जोडल्यानें मोठा रक्तस्राव वाढला, इतकेंच नव्हे, तर मृत्यूही वाढले. तीही परीक्षा लौकर आवरावी लागली.

आणि माझ्यासारख्यांच्या कानास खडा लावणारा पुरावा अमेरिकेंतल्या मिशिगन प्रांतांतला, २०२१ सालचा. नव्या पद्धतीचीं गुठळीविरोधी औषधें घेणाऱ्या तीन हजारांवर रोग्यांत, स्पष्ट कारण नसतांनाही ॲस्पिरिन घेणारे सुमारें एक-तृतीयांश निघाले! त्यांना रक्तस्राव अधिक झाला. गुठळ्या मात्र कमी झाल्या नाहींत. कोणीं तरी केव्हां तरी सुरू केलेली गोळी पुढें कोणींच थांबविली नाहीं, असें किती घरांत होत असेल, याचा प्रत्येकानें विचार करावा.

यापुढची गोष्ट माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. तो एस.टी.मध्यें चालक होता. त्याचें हृदय अनियमित चालतें, आणि गेल्या वर्षीं धमनींत नळीही बसवावी लागली. आमच्या घरचा प्रसंग ऐकून तो माझ्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, मला तर तीन-तीन गोळ्या दिल्या आहेत. त्यांतल्या दोन मी आजच बंद करतों." दुधानें तोंड पोळलेला मी ताकही फुंकून पिणारा, माझ्या तोंडून "कर" असें जवळजवळ निघालेंच होतें. परंतु नवी नळी बसविल्यावर औषध अचानक सोडलें तर ती नळीच गुठळीनें बंद होऊं शकते, हें मला तोंवर कळलें होतें. मीं म्हटलें, "अरे, मी चुकलों तो न विचारतां सुरू करून. तूं न विचारतां बंद करून तीच चूक करूं नकोस." तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनीं त्याच्या कागदावर आधींच लिहिलेल्या तारखा त्याला बोटानें दाखविल्या: ॲस्पिरिन अमुक दिवसापर्यंत, क्लोपिडोग्रेल अमुक महिन्यापर्यंत, आणि पुढें एकटें गुठळीविरोधी औषध. आज अशा रोग्यांच्या बाबतींत बहुधा हीच रीत पाळतात: ॲस्पिरिन थोडे दिवस, फार तर एखादा महिना, दुसरी गोळी सहा महिने ते वर्षभर, नंतर एकच औषध. त्या गृहस्थानें तारखा वाचल्याच नव्हत्या. आज त्याची ॲस्पिरिन ठरल्या दिवशीं थांबली आहे आणि तो सुखरूप आहे.

या दोन्ही प्रसंगांतून मीं एकच धडा घेतला. जोड-औषधाला कारण असलें पाहिजे, तें कारण कागदावर असलें पाहिजे, आणि त्या कारणाला शेवटची तारीख असली पाहिजे. तारीख नसेल तर "जन्मभर" हा शब्द तरी डॉक्टरांच्या हातचा असला पाहिजे. आपण गृहस्थांनीं औषध ठरवूं नये. परंतु विचारावें अवश्य. हें दुसरें औषध कशासाठीं? कधींपर्यंत? पोटाच्या रक्षणासाठीं कांहीं हवें काय? आणि पहिलें औषध ज्यांनीं दिलें, त्यांना हें ठाऊक आहे काय? हृदयाचे डॉक्टर एक, गुडघ्याचे दुसरे, दांतांचे तिसरे. या तिघांची गांठ बहुधा रोग्याच्या औषधांच्या डब्यांतच पडते.

आणखी चार गोष्टी सांगून आटोपतों. डोकेंदुखीच्या व सर्दीच्या कांहीं तयार गोळ्यांत ॲस्पिरिन असते. पाकिटावरचीं बारीक अक्षरें चष्मा लावून वाचावीं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक हीं वेदनाशामकेंही गुठळीविरोधी औषधाच्या जोडीला धोक्याचींच आहेत. साध्या दुखण्यास डॉक्टर सामान्यतः पॅरासिटॅमॉल सुचवितात. पण तेंही मोठ्या मात्रेंत अनेक दिवस घेतल्यास आयएनआर वाढूं शकतो. जुनीं औषधें घेणाऱ्यानें मेथी, पालक सोडण्याचें कारण नाहीं. एक दिवस जुडी आणि पंधरा दिवस उपास असें न करतां रोजचें प्रमाण सारखें ठेवावें. आणि आयएनआरची कटकट नको म्हणून आपल्या मनानें नव्या औषधाकडे वळूं नये. यांत्रिक झडपेसाठीं तीं औषधें चालत नाहींत, हें २०१३ च्या डॅबिगॅट्रॅनच्या परीक्षेपासून उघड झालें आहे.

धोक्याच्या खुणा घरांतल्या सर्वांना ठाऊक असाव्यात. डांबरासारखें शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, तांबडी लघवी, दाबून धरूनही न थांबणारा घोळणा, अकस्मात् उठलेली असह्य डोकेंदुखी, तोंड वांकडें होणें, बोलणें अडखळणें, एका बाजूची शक्ति जाणें. आणि डोक्याला लागलेला मार, मग बाहेर जखम दिसो वा न दिसो. यांपैकीं कांहींही झालें तर सकाळची वाट पाहूं नये. १०८ या क्रमांकावर गाडी बोलवावी व औषधांची सर्व पाकिटें रोग्याबरोबर न्यावीं. आपल्या गोळ्या कोणास देऊं नयेत, हें तर मीं सांगावयासच नको.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागें आतां एक तक्ता लावला आहे. त्यांत औषधाचें नांव, मात्रा, कशासाठीं, कधींपर्यंत आणि कोणीं दिलें, असे पांच रकाने आहेत. अक्षर माझेंच आहे. मास्तरकीची हौस कोठें जाते? तक्ता टांगला त्या दिवशीं आमच्या मंडळींनीं तो शेवटपर्यंत नीट वाचला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलें, "यांत तुमचें नांव कोठें दिसत नाहीं तें?" मीं म्हटलें, "नाहीं. आणि पुन्हां दिसणारही नाहीं."